व्हिएन्नाला जाताय? पोस्टर आडवं करा

व्हिएन्नात एप्रिल-मेच्या सुमारास युरोपियन जिओसायन्सेस युनियन या पृथ्वीविज्ञान संघटनेची महासभा, म्हणजे मोठी संशोधन परिषद, भरते. तिथे संशोधक आपलं काम पोस्टरवर मांडतात, त्या पोस्टर हॉलमधलं एक दृश्य बघून माझा जीव तुटतो. आपल्याकडून आलेली एखादी पीएचडीची मुलगी उभं ए-झिरो आकाराचं पोस्टर उलगडते, बोर्डावर लावते आणि खालचा वीतभर भाग हवेत लोंबत राहतो.

बोर्ड 197 सेंमी रुंद आणि 100 सेंमी उंच असतो. उभ्या ए-झिरोची उंची 118.9 सेंमी. म्हणजे जवळजवळ 19 सेंमी बाहेर, आणि नेमके निष्कर्ष तिथेच लिहिलेले असतात! आपल्या विद्यापीठांतल्या परिषदांसाठी केलेली उभी फाइल तशीच पुढे वापरली की हे होतं. तीच फाइल शेवटच्या रात्री खेचून आडवी केली तर नकाशे फाकतात, अक्षरं चपटी होतात. पानाचं माप पहिल्याच दिवशी आडवं ठरवा. 36 इंची रोलवर 90 सेंमी उंच आणि 150 सेंमी लांब पोस्टर आरामात निघतं.

कागदी पोस्टर गुंडाळताना छापील बाजू बाहेर ठेवा. आत ठेवली तर कोपरे बघणाऱ्याच्या अंगावर वळतात. नळकांडं चेक-इनला देऊ नका. कापडी पोस्टर घडी करून पाठीवरच्या बॅगेत मावतं, पण नुसते दोन कोपरे अडकवले तर मध्ये झोळ पडतो. वरची कड चार-पाच ठिकाणी पक्की करा.

व्हिसाचं म्हणाल तर परिषदेने तुमच्या संशोधनाचा सारांश स्वीकारल्याचं पत्र हातात येईपर्यंत स्वस्थ बसू नका. शेंगेन अर्ज प्रवासाच्या 6 महिने आधीपासून करता येतो. निर्णयाची नेहमीची मुदत 15 दिवस आहे, पण ती 45 दिवसांपर्यंत लांबू शकते. त्यातच आपल्या उन्हाळी सुट्टीचे पर्यटक त्याच तारखांवर तुटून पडतात. फी 90 युरो, विमा किमान 30,000 युरोंचा.

विमानतळावरून एस-7 लोकलने प्राटरस्टर्न, तिथून यू-1 मेट्रोने तिसरं स्टेशन काइझरम्युलेन. समोरच परिषदेचं ठिकाण, ऑस्ट्रिया सेंटर. बहुतेक जण रविवारी पोचतात, आणि रविवारी व्हिएन्नातली जवळपास सगळी किराणा दुकानं बंद असतात. प्राटरस्टर्न स्टेशनातलं सुपरमार्केट उघडं असतं, तिथूनच ब्रेड-दही घेऊन पुढे जा. पाण्याची बाटली मात्र विकत घेऊ नका. नळाला आल्प्सच्या झऱ्यांचं पाणी येतं, आणि त्याच्याइतकं चवदार पाणी मी क्वचितच प्यायले असेन.

2024 मध्ये इथे 18,000 हून जास्त माणसं प्रत्यक्ष आली होती. एवढ्या गर्दीत तुमच्याच विषयातला माणूस दुसऱ्या टोकाच्या दालनातून चालत येतो, त्यामुळे त्याला पोचायला उशीर होतो. पोस्टरचं सत्र पावणेदोन तासांचं असतं. शेवटच्या पंधरा मिनिटांत कॉफीसाठी पोस्टर सोडून जाऊ नका.