बोटं निळी, पेलेटही निळाच

एमएस्सी बायोकेमिस्ट्रीच्या शेवटच्या वर्षी हा प्रोजेक्ट मी स्वतःच मागून घेतला होता, त्यामुळं कुणाच्या नावानं खडे फोडायचीही सोय नव्हती. यीस्ट आपल्या प्रथिनांवरच्या साखरेला फॉस्फेट जोडतं, ते अल्शियन ब्ल्यूनं रंगवून दाखवायचं. एका नळीत साधं यीस्ट, दुसरीत एमएनएन४ जनुक बिघडलेला म्युटंट, ज्याला हे फॉस्फेट नीट जोडता येत नाही. पहिली निळी, दुसरी फिकट यायला हवी. माझ्या दोन्ही गडद निळ्या!

तीन दिवस तेच. मी म्युटंटवर संशय घेतला, सेंट्रिफ्यूजवर घेतला, पाठवणाऱ्याच्या लेबलवरही घेतला. आई रोज विचारायची, "शाई सांडलीस का गं?" चौथ्या दिवशी गाईड मॅडमनी रंगाची बाटली हातात घेतली.

"हा कशात विरघळवलास?"

"डिस्टिल्ड वॉटरमध्ये."

त्या काही बोलल्या नाहीत, नुसतं आम्लाच्या कपाटाकडं बघितलं. अल्शियन ब्ल्यूवर धन भार असतो. साध्या पाण्यात तो पेशीभित्तिकेवर दिसेल त्या ऋण भाराला चिकटतो, कार्बोक्सिल गटांनासुद्धा. ०.०२ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लात कार्बोक्सिलचा भार मावळतो, फॉस्फेटचा टिकतो. पद्धतीच्या कागदावर हे लिहिलेलं होतं. मी ती ओळ वाचून पुढं गेले होते.

मग यीस्ट रात्रभर वाढवलं, कारण वाढ संपत आली की हे फॉस्फेट जास्त बसतं. आम्लानं धुतलं, ०.१ टक्का रंग दहा मिनिटं, आणि सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवलं. साध्या यीस्टचा पेलेट, म्हणजे तळाशी बसलेला पेशींचा गोळा, निळा, वरच्या पाण्याचा रंग उतरलेला. म्युटंटचा पेलेट ओल्या खडूसारखा, कडेला जराशी निळसर झाक, आणि रंग सगळा वर पाण्यातच. ती नळी मी उगाचच चार वेळा खिडकीपाशी नेली.

खरी पंचाईत व्हायवाच्या आदल्या रविवारी कळली. मार्केट यार्डात गुळाचा व्यापार करणारे नाना घरी आले होते. त्यांना समजावता समजावता आपलंही पाठ होईल म्हणून मी आधी माणसापासून सुरुवात केली. आपल्या पेशीत लायसोसोम नावाचा कप्पा असतो, नको ते पचवणारा. तिथं जायच्या एन्झाइमला गॉल्जीत, म्हणजे प्रथिनं पुढं पाठवणाऱ्या पेशीतल्या कप्प्यात, खूण मिळते. एक एन्झाइम त्या प्रथिनाचा पृष्ठभाग ओळखतं आणि यूडीपी-एन-अॅसिटिलग्लुकोसामीनमधली साखर फॉस्फेटसकट उचलून प्रथिनावरच्या मॅनोज या साखरेच्या सहाव्या कार्बनवर बसवतं. दुसरं येऊन वरची साखर काढून टाकतं. उघडा पडलेला मॅनोज-६-फॉस्फेट रिसेप्टर, म्हणजे खूण ओळखणारी प्रथिनं, ओळखतात आणि माल लायसोसोमकडं नेतात.

"म्हंजे गुळाच्या रव्याचं कापड सोडल्यावरच शिक्का दिसतो," नाना म्हणाले. "आन् पयला गडी कामावर आलाच न्हाई तर?"

तर आय-सेल रोग. एन्झाइम तयार होतात, पण लायसोसोमऐवजी पेशीबाहेर जातात. रक्तात ती भरपूर सापडतात आणि पेशीत न पचलेला माल साठत राहतो. नाना जरा गप्प झाले. मग म्हणाले, "आन् तुझ्या यीस्टात कापड कोन सोडतं?"

माझ्याकडं उत्तर नव्हतं. सहा महिने मी दोन्ही गोष्टी एकच धरून चालले होते. रात्री परत वाचलं. यीस्टमध्ये एमएनएन६ हे एन्झाइम जीडीपी-मॅनोजमधून मॅनोज आणि फॉस्फेट एकत्रच उचलून साखळीतल्या मॅनोजवर ठेवतं, एमएनएन४ त्याला जोर देतं. पण वरचा मॅनोज तिथंच राहतो, कापड कुणी सोडतच नाही. दोन साखरांच्या मध्ये अडकलेल्या फॉस्फेटवर एक ऋण भार उरतो, आणि माझा रंग चिकटत होता तो त्यालाच.

व्हायवात एक्स्टर्नल सरांनी नेमका तिथंच हात घातला. "यीस्टच्या व्हॅक्युओलमध्ये जायलाही हीच खूण लागते का?" व्हॅक्युओल म्हणजे यीस्टचा पचवणारा कप्पा, आपल्या लायसोसोमसारखा. नाही, म्हटलं. तिथल्या कार्बोक्सिपेप्टिडेज-वाय या एन्झाइमचंच बघा, त्याच्यावर साखर नसली तरी ते पोचतं. व्हीपीएस१० हा रिसेप्टर त्याच्या प्रथिनातलीच चार अमिनो आम्लं ओळखतो : ग्लुटामिन, आर्जिनिन, प्रोलिन, ल्युसिन.

"मग हा फॉस्फेट नसला तर तुमचा म्युटंट जगतो कसा?"

"लॅबमध्ये तरी मजेत जगतोय, सर."

त्यांनी दोन्ही नळ्या उजेडाला धरल्या, बराच वेळ बघितल्या, आणि बोटाला निळं लागलं म्हणून फडकं मागितलं.