एस्तेवेलची समाधी आणि ‘संभ्रम’

उत्तर फ्रान्समधल्या एस्तेवेल गावच्या कब्रस्तानात एका दगडावर ‘संभ्रम दाखवा’ असं कोरलंय. मराठी माणूस ते वाचतो आणि खरोखरच संभ्रमात पडतो. अक्षरं बंगाली आहेत: ‘महावीरेर समाधि, संभ्रम देखाओ, स्पर्श कोरो ना’. बंगालीत संभ्रम म्हणजे आदर. संस्कृतात या शब्दाला घाई, गोंधळ, आदर असे सगळेच अर्थ होते. त्यातला आदर बंगाल्यांनी ठेवून घेतला आणि गोंधळ आपल्या वाट्याला आला. जवळच फ्रेंच ओळ आहे: ज्या ध्येयावर त्याचं प्रेम होतं, त्यासाठी तो मेला.

तो म्हणजे इंद्रलाल रॉय, पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांच्या बाजूने लढलेला वैमानिक. जन्म कोलकात्यातला, २ डिसेंबर १८९८ चा. शाळा लंडनमधली सेंट पॉल्स. मृत्यू २२ जुलै १९१८ रोजी, इथून चार-पाच किलोमीटरवरच्या कार्वें गावाच्या आकाशात. वीसही पूर्ण नव्हती.

लाँसपर्यंत आगगाडीने सुखात येता येतं. तिथून एस्तेवेल जेमतेम दहा किलोमीटर, पण रविवारी बसची वाट पाहू नये. शनिवारी या, नाहीतर सायकल भाड्याने घ्या. मी दोन्ही केलं नाही आणि टॅक्सीवाल्याने परतीचेही पैसे आधीच मागून घेतले. गावात कॉफीसुद्धा मिळाली नाही. रस्ता मात्र सपाट, आणि बाजूला कोळशाच्या खाणींतून उपसलेल्या दगडमातीचे काळे डोंगर. लाँसमध्ये लूव्रची शाखा आहे, ती अर्ध्या दिवसात आटोपली. नव शापेलचं भारतीय स्मारक आदल्या दिवशी पाहिलं. तिथेच ऑक्टोबर १९१४ मध्ये खडकीच्या सॅपर्स-मायनर्सच्या, म्हणजे लष्करी अभियंत्यांच्या, दोन कंपन्यांची दाणादाण उडाली होती, पण तो विषय वेगळा.

रॉयबद्दल भारतात काहीही वाचायला घ्या, एक गोष्ट हमखास येते. ६ डिसेंबर १९१७ रोजी त्याचं विमान कोसळलं, तो मेला असं समजून त्याला शवागारात ठेवलं, शुद्ध आल्यावर त्याने दार बडवलं आणि बाहेरचे लोक भुताच्या भीतीने पळाले. गोष्ट झकास आहे, पण मला तिचा कंटाळा आलाय. नजर कमजोर म्हणून आधी नकार मिळाला, तेव्हा मोटरसायकल विकून त्याने मोठ्या नेत्रतज्ज्ञाकडून पुन्हा डोळे तपासून घेतले, असंही सांगतात. ते निदान त्याचं उडण्याचं वेड तरी दाखवतं. पण तो हवेत नेमकं काय करत होता, हे कुणी सांगत नाही. ते कळायला इंग्लंडमध्ये ओल्ड वॉर्डनला जावं लागतं.

तिथल्या शटलवर्थ संग्रहात एफ-९०४ क्रमांकाचं मूळ एस.ई. ५-ए, म्हणजे पहिल्या महायुद्धातलं एकाच वैमानिकाचं लढाऊ विमान, आजही उडतं. रॉय ब्रिटिश हवाई दलाच्या दोन स्क्वाड्रनमध्ये (पथकांत) होता, आधी ५६ आणि मग ४० मध्ये, आणि दोन्हीकडे याच जातीच्या विमानावर. जवळून पाहिलं की पहिली शंका लांबट नाकाची येते. वैमानिक इतका मागे बसतो की जमिनीवर समोरचं काही दिसत नाही, त्यामुळे जमिनीवर विमान चालवताना नाक डावी-उजवीकडे वळवत जावं लागतं. ब्रेक नाहीत. मागे चाकाऐवजी लाकडी टेकू. रेडिएटर अगदी नाकाशी, त्याच्या झडपा आतून उघडायच्या-मिटायच्या. उंचीवर त्या वेळेत मिटल्या नाहीत की पाणी गार पडून इंजिन कुरकुरतं, आणि खाली उघडायला विसरलं की उकळतं. आधीच्या गियरवाल्या हिस्पानो इंजिनांचे दाते नीट कठीण केलेले नसत, ते तुटायचे. पुढे गियर नसलेलं, २०० अश्वशक्तीचं वूल्झ्ली वायपर आलं आणि ती कटकट गेली.

खरी कसरत बंदुकांची. नाकावर डाव्या बाजूला व्हिकर्स मशीनगन, पंख्याच्या पात्यांमधून गोळ्या सोडणारी. पात्यावर गोळी बसू नये म्हणून तेलाच्या दाबावर चालणारी जुळणी असे. दाब उतरला की बंदूक गप्प. मग वैमानिकाने कॉकपिटमधला दांडा ओढून दाब पुन्हा चढवायचा. दुसरी लुईस, वरच्या पंखावर वाकड्या रुळावर बसवलेली, पंख्याच्या वरून मारा करणारी. तिच्या थाळीत ९७ गोळ्या. मिनिटाला साडेपाचशेच्या वेगाने त्या दहा-अकरा सेकंदांत संपतात.

संपल्या की काय करायचं ते पाहा. विमान वळवायची दांडी गुडघ्यांत धरायची, खटका काढून बंदूक रुळावरून आपल्या डोक्यापर्यंत ओढायची, रिकामी थाळी पट्ट्याला धरून उचलायची, आत ठेवायची, भरलेली थाळी खुंटीवर नेमकी बसवायची आणि बंदूक वाऱ्याविरुद्ध परत वर ढकलायची. ताशी दीडशे किलोमीटरच्या वर वारा, हातात जाड हातमोजे, आणि आडवी थाळी किंचित तिरपी झाली की परातीसारखी वारा पकडते. मागे शत्रू असेल तर सरळ उडायचंही नाही. लुई स्ट्रेंज नावाच्या वैमानिकाची १९१५ मध्ये दुसऱ्या एका विमानावर थाळी अडकली. ती सोडवायला तो उभा राहिला, विमान उलटं झालं आणि तो त्याच अडकलेल्या थाळीला लोंबकळत राहिला. आधी निघत नाही म्हणून शिव्या घातल्या, मग निघू नये म्हणून प्रार्थना केली असणार. कसाबसा आत परतला. त्याचा धाकटा भाऊ गिल्बर्ट पुढे ४० स्क्वाड्रनमध्ये रॉयच्या बरोबर होता, आणि रॉयच्या नावावर शत्रूची जी विमानं आहेत, त्यांतलं एक या गिल्बर्टच्या आणि रॉयचा तुकडीप्रमुख मॅकेलरॉय याच्या भागीदारीतलं आहे.

अपघातानंतर रॉयला उड्डाणासाठी अपात्र ठरवलं होतं. त्या काळात तो विमानांची चित्रं काढत बसला. त्यांतली काही दिल्लीच्या पालम इथल्या वायुसेना संग्रहालयात आहेत. जून १९१८ मध्ये तो फ्रान्सला परतला, कॅप्टन जॉर्ज मॅकेलरॉयच्या तुकडीत. तळ ब्रुए इथे. ब्रुएहून कार्वें म्हणजे हवेतून दहा-बारा मिनिटं. नकाशा उघडलात तर हे सगळं युद्ध आपल्या एखाद-दुसऱ्या तालुक्यात मावेल, हे लक्षात येतं.

६ जुलैला द्रोकूरवर शत्रूचं पहिलं विमान त्याच्या नावावर लागलं. ८ तारखेला चार तासांत तीन. १३ ला दोन, १५ ला दोन, १८ ला एक, १९ ला शेवटचं. तेरा दिवसांत दहा. त्यांतली पाच नष्ट आणि पाच ‘ताबा सुटलेली’, म्हणजे गरगरत खाली जाताना दिसलेली, पण जमिनीवर आपटताना न पाहिलेली. गरगरण्याचं सोंग करून निसटणं ही तेव्हाची नेहमीची युक्ती होती, म्हणून हा फरक महत्त्वाचा आहे. ‘दहा विमानं पाडली’ असं सरसकट लिहिणाऱ्यांनी तो लक्षात घ्यावा. डीएफसी (डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस) या ब्रिटिश शौर्यपदकाच्या मानपत्रात तर आकडा नऊ आहे. ते पदक मिळवणारा तो पहिला भारतीय, पण जाहीर झालं सप्टेंबरमध्ये, तो गेल्यावर. त्याचं सगळं उड्डाण मिळून १७० तासांहून थोडंसंच जास्त.

२२ जुलैला कार्वेंवर यास्टा २९ या जर्मन लढाऊ पथकाच्या फॉकर डी-७ विमानांशी गाठ पडली आणि तो जर्मनांच्या बाजूला पडला. म्हणून समाधी इथे. नऊ दिवसांनी, ३१ जुलैला, मॅकेलरॉयही गेला.

त्याचा भाचा सुब्रतो मुखर्जी १९५४ मध्ये वायुसेनेचा पहिला भारतीय प्रमुख झाला. मुखर्जींच्या पत्नी शारदाबाई माहेरच्या पंडित, म्हणजे मराठी घरातल्या. कोलकात्यात भवानीपूरला इंद्र रॉय रोड आहे.

मुंबईत असं काही एका मुंबईकराच्या वाट्याला आलेलं मला तरी दिसलं नाही. श्रीकृष्ण वेलिणकर, तोही त्याच काळातला वैमानिक, २३ स्क्वाड्रनमध्ये सॉपविथ डॉल्फिन उडवायचा. रॉयच्या महिनाभर आधी, जून १९१८ मध्ये गेला. त्याची समाधी आमियांजवळ आंगार गावच्या कब्रस्तानाला जोडलेल्या युद्धस्मशानात आहे. एस्तेवेलहून गाडीने शंभरेक किलोमीटरच्या आत. आगगाडीने गेलात तर आमियांला उतरून पुढे पुन्हा टॅक्सीच. परतीचे पैसे आधीच ठरवून घ्या.