तुम्ही विचारलंत म्हणून : लास्ट पोस्ट

पंचक्रोशीत कुठे जवानाचं पार्थिव आलं, की दुसऱ्या दिवशी पारावर प्रश्न ठरलेला : ‘बाप्पा, तुम्ही फौजेत बिगुल वाजवायचात. त्या रडक्या धूनला लास्ट पोस्ट का म्हणतात? शेवटचं पत्र म्हणून?’ वर मोबाइलवर तो किस्साही दाखवतात, लढाईत बापाला स्वतःचाच मेलेला मुलगा सापडतो आणि त्याच्या खिशात ही सुरावट.

तो किस्सा अमेरिकेच्या ‘टॅप्स’चा, आणि तोही बनावट. टॅप्स 1862 मध्ये जनरल बटरफिल्डनं व्हर्जिनियाच्या छावणीत दिवे मालवायच्या इशाऱ्यासाठी बसवली. आपली धून निराळी, ब्रिटिश पलटणींतून आलेली. पोस्ट म्हणजे टपाल नव्हे, पहाऱ्याची जागा. रात्री अधिकारी पहारे तपासायला निघाला की ‘फर्स्ट पोस्ट’, शेवटचा पहारा बघून झाला की ‘लास्ट पोस्ट’. सगळे जागेवर आहेत, झोपा आता. अंत्यविधीत ती मागाहून शिरली. बिगुलाला कळा नसतात, ओठांच्या दाबावर निघतील ते चार-पाच सूर. त्यात रडणं कुठून आणलंत?

रिक्रूटांनाही मी हेच दरडावून सांगायचो.

मग गिरणाकाठच्या एका गावी गेलो. ट्रॅक्टरची ट्रॉली झेंडूनं मढवलेली, पोरं घोषणा देऊन घसा बसलेली. ‘शोक शस्त्र’ झालं, बंदुकांची नळी खाली वळली, फैरी झाल्या. बिगुलर पोरसवदा, वरचा ओठ उलून सालपट निघालेलं. वरचा सूर चिरकला तसा माझाच ओठ आवळला गेला. शेजारी सतरंजीवर जवानाची माय. तिनं विचारलं, ‘हाई काय वाजाडतस भाऊ?’

मी सांगितलं. साहेब चौकी-चौकी पाहून आला, सगळं ठीक आहे, असा इशारा आहे, माय.

ती म्हणाली, ‘मंग मन्हा पोऱ्यानी चौकी कोन्ही दखी व्हती का?’

मला काही सुचेना. तेवढ्यात शांतता संपून ‘राऊज’ वाजला. राऊज म्हणजे उठा. त्याचा अर्थ तिनं विचारला नाही, मीही सांगितला नाही.

तेव्हापासून रिक्रूटांना दरडावणारा तो हवालदार आणि मी, आमचं पटत नाही. तो म्हणतो, अर्थ तो अर्थ. मी म्हणतो, मग तिला उत्तर दे की. तरी पारावर कुणी ‘रडकी धून’ म्हटलं की माझं डोकं फिरतं, आणि पहाऱ्यापासून सगळं पुन्हा सांगायला बसतो.