तक्रार खरी निघाली

तहसीलमध्ये संजय गांधी निराधार योजनेच्या टेबलावर येणारे तक्रारी अर्ज बहुतेक निनावी असतात, भाऊबंदकीतून आलेले. जुलै २०२४ मधल्या त्या अर्जावर मात्र नाव, सही, फोन नंबर, सगळं होतं.

अर्जदार एका कंपनीत नोकरीला. गल्लीतली एक विधवा बाई निराधारचा पगार घेते आणि तिचा मुलगा कमावता आहे. ‘आम्ही कर भरायचा आणि यांनी बसून खायचं,’ असं त्यांनी अर्जातच लिहिलं होतं. महिन्याला कापले जाणारे व्यवसाय कराचे दोनशे रुपये त्यांना सलत होते. हा कर १९७५ साली आला तोच रोजगार हमीला पैसा उभा करण्यासाठी, त्यामुळे राग अगदीच हवेतला नव्हता. पण मोबाइलच्या रिचार्जवर अठरा टक्के जीएसटी ती बाईही भरतेच. मी तसं म्हटलं, त्यांनी ऐकून घेतलं नाही.

जबाबासाठी बाईंना बोलावलं. प्लॅस्टिकच्या पिशवीत पासबुक, आधार, रेशनकार्ड. मी विचारलं, “मावशी, मुलगा काय करतो?” “टेम्पोवर जातो. आठ हजार देतात.” माझं पेन थांबलं. ‘मिळेल ते काम करतो’ एवढं बोलली असती तरी निभावलं असतं. ती म्हणाली, “लिहा साहेब, खरंच आहे ते.”

तिच्या फाइलीत २१ हजारांच्या आतला उत्पन्नाचा दाखला होता, आमच्याच कार्यालयाचा. वर्षाला २१ हजार ही या योजनेची उत्पन्नमर्यादा, म्हणजे साऱ्या कुटुंबाचे मिळून महिन्याला १,७५० रुपये. एवढ्यात घर चालत नाही, हे दाखला मागणाऱ्यालाही ठाऊक आणि देणाऱ्यालाही. तरी मर्यादा हलत नाही. खरं सांगणारा माणूस या योजनेत बसणारच कसा? मग लोक म्हणायला मोकळे, सगळे बोगस लाभार्थी. हा खोटेपणा शासनाने गरिबांच्या गळ्यात मारलेला आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

समितीच्या बैठकीत तिचा लाभ बंद झाला. नियमाने दुसरं काही होणं शक्यच नव्हतं.

सप्टेंबरात मीच तिला अंगणवाडी सेविकेकडे पाठवून लाडक्या बहिणीचा अर्ज भरायला लावला. तिथे उत्पन्नाची मर्यादा वर्षाला अडीच लाख होती, केशरी कार्ड असेल तर दाखलाही लागत नव्हता. निराधारचे महिना १,५०० चालू असते तर ती त्यात बसली नसती, बंद झाले म्हणून बसली. रक्कम तेवढीच, तिजोरीही तीच.

तक्रारदार आदेशाची प्रत न्यायला आले. “मागचे पैसे वसूल करणार की नाही?” त्यांनी विचारलं. तो निर्णय तहसीलदार साहेबांचा, एवढंच मी सांगितलं. लाडक्या बहिणीचं बोललो नाही. एकाच्या लाभाची माहिती दुसऱ्याला द्यायची नसते हे तर आहेच, पण त्याविरुद्धही ते उद्या अर्ज आणतील, ही धास्तीही होती.