अण्णांनी पाहिलेलं निझवा

जानेवारीत अण्णा पहिल्यांदाच आमच्याकडे मस्कतला आले. वय पंच्याहत्तर, सगळा जन्म नाशिक जिल्ह्यात मोसम नदीच्या खोऱ्यात शेती करण्यात गेलेला. पहिले तीन दिवस त्यांनी समुद्र, मोठी मशीद, मॉल सगळं शांतपणे पाहिलं. चौथ्या दिवशी सकाळी चहा पिताना म्हणाले, "माय, या देशात शेती करणारं गाव नाही का एखादं?"

शुक्रवारी पहाटे पाचला आम्ही निझव्याला निघालो. मस्कतपासून साधारण एकशे साठ किलोमीटर. समाईलच्या खिंडीतून रस्ता आत शिरतो आणि दोन्ही बाजूंना हजर पर्वताचे उघडेबोडके, लोखंडाच्या रंगाचे डोंगर सुरू होतात. झाड म्हणून नाही. अण्णा खिडकीतून बघत होते आणि वाट वळली की पुन्हा पुन्हा एकच विचारत होते, "इथली माणसं पितात काय?" मी म्हटलं, थांबा, दाखवते.

निझवा हे ओमानच्या आतल्या मुलखाचं जुनं शहर. मस्कत हे बंदर, पण इमामांची, म्हणजे राज्य चालवणाऱ्या धर्मप्रमुखांची, गादी कितीतरी काळ इथे होती. शुक्रवारी सकाळी किल्ल्याच्या पायथ्याशी शेळ्यांचा बाजार भरतो. सातला पोहोचलो तेव्हा बाजार रंगात आला होता. मधोमध छपराखाली एक गोल ओटा, त्याच्याभोवती गोल वाट आणि वाटेच्या दोन्ही बाजूंना गिऱ्हाईक. विकणारे दाव्याला धरून शेळ्या-बोकड त्या वाटेवरून फिरवत होते आणि चालता चालता मोठ्यानं भाव पुकारत होते. कुणाला जनावर आवडलं की तो हात करून थांबवणार, ओठ वर करून दात बघणार, पाठीवरून हात फिरवणार, शेळी असेल तर कास दाबून बघणार. पटलं नाही की जनावर पुढे चालू लागतं.

अण्णांच्या चेहऱ्यावर तीन दिवसांत पहिल्यांदा रंग आला. आपल्याकडे गुरांच्या बाजारात उपरण्याखाली बोटं धरून सौदा व्हायचा, तिसऱ्याला भाव कळायचा नाही. इथे सगळं उघड्यावर. "हे बरं आहे," अण्णा म्हणाले, "गरिबाची फसगत होत नाही." चेहऱ्यावर बुरखा नावाचा कडक मुखवटा बांधलेल्या दोन बदू, म्हणजे वाळवंटातल्या भटक्या जमातीच्या, बायका खाली बसून करडांची पारख करत होत्या. त्यांतल्या एकीनं पांढरं-काळं करडू छातीशी धरून त्याचे खूर एकेक करून तपासले. अण्णा तिच्याकडे बराच वेळ बघत राहिले. मग मला हळूच म्हणाले, "तुझी आजी असंच बघायची."

किल्ल्यावर मी त्यांना हात धरून नेलं. सुलतान बिन सैफ या इमामानं १६५० मध्ये मस्कतमधून पोर्तुगीजांना हुसकावलं, त्यानंच हा प्रचंड गोल बुरूज बांधला. बारा वर्षं लागली म्हणतात. त्याच पोर्तुगीजांकडून चिमाजीअप्पांनी १७३९ मध्ये वसई घेतली हे अण्णांना शाळेपासून पाठ, त्यामुळे त्यांना हा इमाम लगेच आपलासा वाटला. बुरजाचं पोट बरंच वरपर्यंत मातीनं भरलेलं आहे, तोफांचे हादरे पचावेत म्हणून. वर जाणारा जिना वळणावळणाचा, वाटेत एकामागून एक जाड लाकडी दरवाजे आणि प्रत्येकाच्या डोक्यावर छतात फट. त्या फटीतून शत्रूवर उकळता खजुराचा पाक ओतायचे. तो पाक यायचा कुठून, तेही तिथेच दिसतं. खजुराच्या कोठीत जमिनीला पन्हळीसारख्या उभ्या चऱ्या आहेत. खजुराच्या थप्प्या एकावर एक रचल्या की वजनानं पाक झिरपायचा, चऱ्यांतून वाहत खालच्या रांजणात जमायचा. अण्णांनी खाली बसून त्या चरीत बोट फिरवलं आणि उताराचा अंदाज घेतला.

बाजारात हलवा घेतला, केशर-गुलाबपाण्याचा, बोटाला तूप सुटणारा. सोबत वेलचीचा कहवा. कप हलवून परत दिला नाही तर पुन्हा भरतात, हे अण्णांना सांगायचं मला चौथ्या कपाला सुचलं.

पण ज्याच्यासाठी त्यांना आणलं होतं, ते गावाबाहेर होतं. फलज दारिस नावाचा पाण्याचा पाट. डोंगराच्या पायथ्याला खोल मूळ विहीर, तिला 'उम्म अल-फलज' म्हणजे फलजाची आई म्हणतात. तिथून जमिनीखालून खोदलेला बोगदा, इतक्या बेताच्या उताराचा की पाणी आपल्या पायांनी चालत गावापर्यंत येतं. पंप नाही, मोट नाही. असे सुमारे तीन हजार फलज ओमानात आजही वाहतात. त्यांतले पाच २००६ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात गेले, दारिस त्यांतला एक.

पाट उघड्यावर येतो तिथे अण्णांनी चप्पल काढली, काठावर बसले, ओंजळ भरली. "पानी गोड शे," म्हणाले. मनातलं बोलताना ते अहिराणीवर येतात.

आम्ही पाटाच्या कडेनं खजुराच्या बागेत शिरलो. वर खजूर, खाली लिंबं, त्याखाली हिरवागार लसूणघास. बागेत एक बांगलादेशी मजूर दारं धरत होता, म्हणजे पाणी एकीकडून दुसरीकडे वळवत होता. चिंध्या गुंडाळलेला दगड एका तोंडातून काढून दुसऱ्याला बसवला आणि पायानं माती दाबली. अगदी आपल्यासारखं. बागेचे मालक, एक म्हातारे ओमानी, आम्हाला बघून आले. त्यांना हिंदी येत होतं, मग मला दुभाषी व्हावंच लागलं नाही.

त्यांनी सांगितलं ते असं. वरच्या तोंडाला पाणी फक्त पिण्यासाठी. मग मशीद, अंघोळ, धुणं, आणि त्यानंतर शेत. शेताचं पाणी वेळेच्या हिशेबानं मोजतात. अर्ध्या तासाच्या पाळीला 'अथर' म्हणतात. घड्याळं नव्हती तेव्हा दिवसा काठीच्या सावलीवर आणि रात्री ताऱ्यांवर पाळी बदलायची. कारभाऱ्याला 'वकील' म्हणतात, पाळ्या लावणारा 'अरीफ'. काही पाळ्या फलजाच्याच मालकीच्या असतात, त्यांचा लिलाव होतो आणि त्या पैशातून गाळ काढतात. फलज या शब्दाचा जुना अर्थच वाटे करणं.

अण्णांनी त्यांना आमच्या फडाची पद्धत सांगितली. नदीवर दगडी बंधारा, त्यातून पाट, गावाची जमीन फडांत वाटलेली, एका फडात सगळ्यांचं एकच पीक. पाणी सोडायला पाटकरी, राखणीला जागल्या, त्यांची मजुरी खळ्यावर धान्यात. विहिरी आणि मोटारी आल्या, तेव्हापासून आमच्या गावचा फड मोडत गेला. अण्णांनी तेही सांगितलं, आवाज खाली आणून. म्हातारबाबा म्हणाले, इथेही बोअर झालेत, काही फलज आटलेत.

मग अण्णांनी तो प्रश्न विचारला, जो ते आयुष्यभर पाटबंधाऱ्याच्या साहेबांना विचारत आले. "टेलला पाणी पोहोचतं का?" टेल म्हणजे पाटाचं शेवटचं टोक.

म्हातारबाबांनी हातानं लांब दाखवलं. बागेच्या पलीकडे मोकळी, भुरी जमीन होती. पाणी कमी झालं की ती पहिली सोडतात, कारण ती दरसाल पेरायची जमीन. खजूर मात्र मरू देत नाहीत, झाड पुन्हा उभं करायला वर्षं जातात. "म्हणजे पेरणी थांबते, झाड जगतं," अण्णा म्हणाले. "हां," म्हातारबाबा म्हणाले.

निघताना त्यांनी 'खलास' जातीच्या खजुराचा डबा हातात दिला. गाडीत बसल्यावर अण्णांनी भावाला फोन लावला. किल्ला नाही, बाजार नाही. "आपल्या डाळिंबाला पाणी कधी दिलंस? कांदा राहू दे या पाळीला. आधी डाळिंब भर."