पंचवीसचं दान कुठे पडतं

सारीपाटावरचा तो लेख माझ्याकडे आला तेव्हा जवळपास पास झालेलाच होता. आधीच्या दोन तपासनिसांनी 'अ' देऊन ठेवला होता, माझी तिसरी सही तेवढी बाकी होती.

मी एका ज्ञानकोशासाठी मराठी लेखांचा दर्जा ठरवते. लोकांना वाटतं आम्ही ऱ्हस्व-दीर्घ बघत बसतो. खरा वेळ जातो तो तळटिपांच्या मागे. एका वाक्याला तीन संदर्भ दिलेले असतात आणि एकेक उघडत गेलं की तिन्ही एकाच जुन्या इंग्रजी पुस्तकाच्या एकाच पानाशी येऊन थांबतात. तक्त्यात मात्र 'संदर्भ: तीन' असं मोजलं जातं. या लेखालाही भरपूर तळटिपा होत्या, चित्र होतं, भाषा स्वच्छ होती. मी सही करणार, तेवढ्यात एका शब्दाला अडखळले. सोंगटी जिथे मारता येत नाही त्या घराला लेखकाने 'किल्ला' म्हटलं होतं.

पटावर किल्ला? माझ्या कानाला तो शब्द लागेना. संध्याकाळी वडोदऱ्यातल्या दांडिया बाजारात माईंकडे गेले. माई आमच्या लांबच्या नात्यातल्या, ऐंशी उलटलेल्या. मी विचारलं तर म्हणाल्या, "किल्ला कसला गं? फुली म्हणतात तिला. थांब." आणि कपाटातून पट काढला.

मखमलीचा लाल पट, जरीच्या दोऱ्याने शिवलेली घरं, अस्तर विरलेलं. सोंगट्या लाकडाच्या. पिवळ्यांतली एक हरवली होती, तिच्या जागी शर्टाचं मोठं बटण. माईंनी मधल्या चौकापासून निघणाऱ्या चारही पट्ट्या तळव्याने सारख्या केल्या आणि बोटाने मोजून दाखवायला लागल्या.

एका पट्टीत तीन ओळी, ओळीत ८ घरं. चारी पट्ट्या मिळून ९६. सोंगटी मधल्या चौकातून निघते, आपल्या पट्टीच्या मधल्या ओळीने ८ घरं उतरून टोकाच्या फुलीवर येते. तिथून कडेकडेने पुढच्या पट्टीच्या टोकाची फुली बरोबर १७ घरांवर. ८ आणि १७, पंचवीस. म्हणजे पंचवीसचं दान पडलं की नवी सोंगटी एका दमात पुढच्या फुलीवर जाऊन बसते आणि तिला कोणी हात लावू शकत नाही. ज्या दानावरून याच पटावरच्या खेळाला पचीसी म्हणतात, त्या दानाची जागा पटाच्या मापातच शिवलेली आहे. हे मला त्या दिवशी कळलं. इतकी वर्षं पट बघत आले, कधी मोजला नव्हता.

मग मी फोनवर लेखातलं चित्र काढलं. त्यात एका ओळीत ६ घरं होती. एकूण ७२. त्यावर पंचवीस मोजले तर सोंगटी फुली ओलांडून चौकाला लागलेल्या कोपऱ्यात, उघड्यावर पडते. माईंनी चष्मा वर करून पाहिलं. "हा तर मुलांचा लुडो." बरोबर होतं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इंग्लंडमध्ये ज्याचं पेटंट घेतलं गेलं, त्या लुडोची पट्टी ६ घरांची. आपल्याकडून तिकडे गेलेला खेळ आखूड होऊन आला आणि मूळ खेळाच्या लेखात जाऊन बसला. लेखात सोंगटीची पूर्ण चालही चुकली होती. माईंच्या पटावर मी मोजली: ८ उतरून, ६८ फिरून, ८ चढून चौकात. ८४. माई म्हणाल्या, "चौऱ्यांशीचा फेरा संपला की सुटली."

रात्री लेख पुन्हा पहिल्यापासून वाचला. महाभारतातलं द्यूत म्हणजे हाच खेळ, असं ठाम विधान होतं. सभापर्वात युधिष्ठिर पैज लावतो, शकुनी फासे टाकतो आणि 'जितम्' म्हणतो. एकेका फेकीत निकाल. तिथे ना पट आहे, ना सोंगट्यांची चाल. उलट बाराव्या शतकातल्या तिसरा सोमेश्वर या चालुक्य राजाच्या मानसोल्लास या ग्रंथात फाशांच्या आणि कवड्यांच्या खेळांवर स्वतंत्र प्रकरणं आहेत, आणि तो ग्रंथ छापला आमच्या वडोदऱ्याने, गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत. लेखात त्याचं नावही नव्हतं. याचा मला खरोखर राग आला.

मी 'क' दिला. दुसऱ्या दिवशी प्रमुखांचा फोन. "ताई, आजींचा पट संदर्भ म्हणून कसा धरायचा?" मी म्हटलं, पट धरू नका, बेरीज धरा. चित्र बदलायला ते तयार झाले. 'किल्ला' मात्र राहिला, कारण तो छापील पुस्तकात आहे आणि फुली माईंच्या तोंडात. महाभारताच्या वाक्यावर अजून चर्चा चालू आहे. लेख लिहिणारा मुलगा मेहनती आहे, त्याने पट कधी पाहिला नसेल तर त्याला मी दोष देणार नाही. पण तपासणारे आम्ही तिघं होतो आणि आमच्या तक्त्यात 'खेळून पाहिलं का' हा रकानाच नाही.

तो 'किल्ला' नसता तर मी सही केली असती. झोपताना तेच डोक्यात येतं. सागरगोट्यांचा लेख मीच मागच्या दिवाळीआधी तळटिपा मोजून 'अ' करून टाकला होता. तो काल परत उघडलाय. माईंकडे सागरगोटे आहेत, रविवारी या म्हणाल्यात.