ओटावा ते किंग्स्टन: रिडो कालव्यातून मोटरबोटीने सहा दिवस

कॅनडात ओटावाहून किंग्स्टनला मोटारीने दोन-अडीच तासांत पोहोचता येते. आमच्या छोट्या मोटरबोटीने आम्हा दोघांना तेवढ्यासाठी सहा दिवस लागले, आणि आणखी एक दिवस हाताशी असता तर तोही आनंदाने खर्च केला असता.

रिडो कालवा २०२ किलोमीटर लांबीचा असला, तरी माणसाने खोदलेला भाग त्यात जेमतेम १९ किलोमीटरचा आहे. ब्रिटन आणि अमेरिका यांच्यातील १८१२च्या युद्धानंतर सेंट लॉरेन्स नदीचा मार्ग अमेरिकी हल्ल्याच्या टप्प्यात आहे, हे ब्रिटिशांच्या ध्यानात आले आणि आतल्या बाजूने पर्यायी जलमार्ग काढण्याचे काम लेफ्टनंट कर्नल जॉन बाय यांच्याकडे आले. १८२६ ते १८३२ या काळात त्यांनी लांबलचक चर खणण्याऐवजी ठिकठिकाणी धरणे बांधून नद्यांचे खळाळच पाण्याखाली बुडवले. आज बोट चालवणाऱ्यालाही हा इतिहास विसरून चालत नाही, कारण ऐसपैस दिसणाऱ्या तळ्यांच्या तळाशी बुडालेली जमीन, झाडांचे बुंधे आणि खडक आहेत. जलमार्गाची हमी दीड मीटर खोलीची आहे आणि तीही बोयांनी, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या रंगीत खुणांनी, आखलेल्या पट्ट्यापुरतीच. नकाशा समोर ठेवावा आणि वळणावर कोपरा कापण्याचा मोह टाळावा.

सुरुवातीलाच, संसदभवनाच्या टेकडीच्या पायथ्याशी, आठ लॉकचा जिना आहे. लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दारे असलेला हौद; त्यातले पाणी चढवून-उतरवून बोट वर किंवा खाली नेतात. तो चढायला साधारण दीड तास लागतो, म्हणून सकाळी लवकर तेथे हजर राहावे. तीन ठिकाणे वगळता सर्व लॉकची दारे आणि झडपा कर्मचारी आजही हाताने रहाट फिरवून चालवतात. त्यांना घाई करून काही साधत नाही. आत जायचे असल्यास धक्क्यावर निळी रेघ मारलेल्या भागात बोट लावायची, एवढी खूण त्यांना पुरते.

लॉकमधील शिस्त मात्र अंगवळणी पाडून घ्यावी. दोन्ही बाजूंना फेंडर (भिंतीचा धक्का झेलणाऱ्या गाद्या) अडकवावेत, पुढचा आणि मागचा दोर आधीच मोकळा करून ठेवावा, आणि आत गेल्यावर भिंतीवरून उभ्या सोडलेल्या तारांभोवती दोर नुसता वळवून त्याचे टोक हातात धरावे. गाठ कधीही मारू नये. पाणी उतरू लागले की बांधलेली बोट भिंतीला लटकते. पहिल्या दिवशी मी सवयीने गाठ मारलीच होती, पण वरून हाक आल्यामुळे वेळेवर सोडवली. इंजिन बंद ठेवावे लागते. पेट्रोलचे इंजिन पुन्हा सुरू करण्याआधी इंजिनच्या कप्प्यातील वाफा पंख्याने बाहेर काढाव्यात.

मेरिकव्हिल आणि स्मिथ्स फॉल्स ही मुक्कामाची सोयीची गावे आहेत, पण आम्हाला लॉकच्या शेजारच्या धक्क्यावरच्या रात्री अधिक आवडल्या. लॉकमधून जाण्याचा आणि रात्री बोट बांधण्याचा परवाना कालवा सांभाळणाऱ्या पार्क्स कॅनडा या सरकारी संस्थेकडून आधीच घ्यावा. इंधन मात्र लॉकवर मिळत नाही. ते मरिनात, म्हणजे बोटींच्या गोदीत, भरावे लागते. हंगाम मेच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत असतो आणि लॉकच्या वेळा महिन्यागणिक बदलतात.

या प्रवासात सर्वाधिक सावधगिरी न्यूबरोला बाळगावी. येथील खडक इतका चिवट होता आणि हिवतापाने मजूर इतके बेजार झाले होते, की अखेर बाय यांनी खोदाई कमी करण्यासाठी अलीकडे नॅरोज येथे धरण आणि लॉक बांधून पाण्याची पातळीच उंचावली. त्यामुळे अप्पर रिडो तळे हा जलमार्गाचा माथा झाला. ओटावाहून माथ्यापर्यंत आपण चढत असतो, म्हणून लाल बोया उजवीकडे ठेवायचे. न्यूबरोचे लॉक ओलांडले की उतार सुरू होतो आणि लाल बोया डावीकडे येतात. चार दिवस एकाच बाजूची सवय झालेला हात येथेच चुकतो. आम्ही सुकाणूशेजारी कागदाची चिठ्ठी चिकटवली होती, आणि तिचा उपयोग झाला.

पुढे जोन्स फॉल्सला घाईने निघून जाऊ नये. वरचे लॉक उतरल्यावर बोट बांधून ठेवावी आणि झाडीतून चालत दगडी कमानी धरणापाशी जावे. सुमारे १९ मीटर उंचीची ही भिंत घनदाट रानात हातांनी रचली गेली आहे. त्या अर्ध्या तासासाठी सहाव्या दिवशी किंग्स्टन मिल्सला उशीर झाला, आणि तेथील चार लॉक उतरायला आम्ही शेवटच्या फेरीत कसेबसे बसलो. म्हणून तेथे दुपार कलण्यापूर्वी पोहोचता येईल असा बेत आखावा.